अण्णांची तोडी आणि सिंकचं बटण

माझे सासरे, अण्णा, ८४ वर्षांचे. मिरजेचे, त्यामुळे कानाला तयार. फोनवर गाणं लावता येतं त्यांना, पण आलाप चालू असताना जाहिरात घुसली की फोन पालथा घालून उठून जातात. म्हणून बटणांचा, मेमरी कार्ड घालायचा छोटा प्लेयर आणला. गाणी भरायचं खातं माझ्याकडे. पहिल्या वर्षी मी जे घोळ घातले ते तुमचे वाचावेत, म्हणून हे सविस्तर.

आधी 'सिंक' म्हणजे काय ते समजून घ्या. मला वाटायचं, दोन्हीकडची गाणी एकत्र होत असतील. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तसं नसतं. संगणकावरची यादी खरी आणि प्लेयर तिची नक्कल. यादीत नाही ते प्लेयरवरून पुसायचं, असा त्याचा खाक्या. प्लेयरबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरने काहीतरी विचारलं, मी न वाचता 'हो' केलं, आणि दर्ग्याच्या उरुसातल्या गाण्याचं अण्णांनी स्वतः केलेलं रेकॉर्डिंग गेलं. मूळ कॅसेट घरात होती म्हणून निभावलं. कॅसेट भराभर कॉपी होत नाही हो, दोन तासांची टेप उतरवायला दोन तासच बसावं लागतं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर त्या कार्डावर नवीन काही घालू नका. पुसलेल्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फाइल बहुतेक वेळा शाबूत असते. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती शोधून काढू शकतं. मला हे नंतर कळलं.

तेव्हापासून मी सिंकच्या वाटेला जात नाही. संगणकावर एक साधा फोल्डर, त्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि कार्डावर हाताने कॉपी. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या. त्यापुढची कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि स्वस्तातले बरेच प्लेयर ती वाचतच नाहीत. त्यांना फॅट३२ लागतं. जागेची काळजी नको. १९२ केबीपीएसला (म्हणजे गाण्याच्या दर सेकंदाला १९२ किलोबिट माहिती) चाळीस मिनिटांचा ख्याल ५८ एमबीच्या आसपास बसतो. १२८ला जागा आणखी वाचेल, पण तंबोरा पिचका वाटतो, आणि अण्णांना ते लगेच कळतं.

आता टॅग, म्हणजे गाण्याच्या फाइलमध्येच लिहिलेली त्याची माहिती. खरी डोकेदुखी इथे. कलाकार, अल्बम, गाण्याचा क्रमांक हे रकाने तीन-चार मिनिटांच्या गाण्यांसाठी बेतलेले. त्यात राग कुठे भरायचा? मी अल्बमच्या रकान्यात राग भरते आणि प्रकाराच्या रकान्यात वेळ: सकाळ, संध्याकाळ, रात्र. तोडी सकाळमध्ये, मारवा संध्याकाळमध्ये, मालकंस रात्रीमध्ये. कलाकाराचं नाव मात्र एकाच पद्धतीने लिहा. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' हे यंत्राच्या लेखी तीन वेगळे गवई. एमपी३टॅग या सॉफ्टवेअरमध्ये शंभर फायली निवडून एकदम दुरुस्त करता येतात. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसले तर टॅगची आवृत्ती आयडी३ २.३ आणि अक्षरांची पद्धत यूटीएफ-१६ निवडून पुन्हा सेव्ह करून बघा. तरीही चौकोनच आले तर त्या प्लेयरला देवनागरी येत नाही. हट्ट सोडा आणि रोमन अक्षरांत लिहा.

एवढं करूनही एक दिवस अण्णांनी हाक मारली, "सूनबाई, या यंत्रात द्रुत आधी आणि विलंबित नंतर का?" ख्यालात संथ विलंबित आधी, जलद द्रुत नंतर; आणि सीडीवर दोन्ही वेगळे ट्रॅक होते. असे बरेच प्लेयर नाव बघत नाहीत, कार्डावर जी फाइल आधी लिहिली गेली ती आधी वाजवतात. म्हणून नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ टाका (आकडे इंग्रजी), रिकाम्या कार्डावर एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा. विंडोजमध्ये सगळ्या फायली निवडून ओढताना पहिल्या फायलीला धरून ओढा; मधलीला धरलंत तर कॉपी तिथून सुरू होते. तरी क्रम चुकला तर फॅटसॉर्ट हे सॉफ्टवेअर कार्डावरची यादीच नावाप्रमाणे लावून देतं.

मॅकवरून कॉपी करणाऱ्यांना प्रत्येक गाणं दोनदा दिसतं आणि त्यातलं एक वाजत नाही. त्या टिंबाने सुरू होणाऱ्या लपवलेल्या फायली, खुशाल पुसा. कार्ड काढताना 'इजेक्ट' करूनच काढा.

शेवटचं, शफल (गाणी कशाही क्रमाने वाजवणं) बंद. आमच्या प्लेयरवर ते बटण आवाजाच्या बटणाला अगदी खेटून आहे. मी त्यावर चिकटपट्टी लावते. अण्णा बसल्या बसल्या नखाने ती काढून टाकतात, मी रविवारी परत लावते.