म्हसवड ते आंबेनळी : शरदातल्या प्रवासाची आखणी

दसरा उलटला की सातारा जिल्ह्याची दोन रूपे एकाच प्रवासात पाहता येतात, कारण माण तालुक्यात वर्षभरात जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर महाबळेश्वरला त्याच्या दहापटीहून अधिक. मात्र प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि सकाळीच करावा. म्हसवडला मुक्काम करून उजाडताच निघाल्यास गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असे साताऱ्यापर्यंत ऊन पाठीशी राहते आणि उघडे माळ, दगडी ताली म्हणजे शेतांचे बांध, नुकतीच वर आलेली शाळू हे सारे कोवळ्या उजेडात स्पष्ट दिसते. उलट दिशेने गेल्यास सूर्य थेट डोळ्यांवर येतो. वाटेत मेंढरांचा कळप आडवा आला, तर हॉर्न न वाजवता गाडी थांबवावी.

साताऱ्यात इंधन भरून मेढा, केळघरमार्गे दुपारीच महाबळेश्वर गाठावे. आंबेनळी घाट त्याच संध्याकाळी उरकण्याचा मोह होतो, तो टाळावा आणि दुसऱ्या दिवशी धुके विरल्यावर पोलादपूरकडे उतरावे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा घाट दरडींनी बंद पडला होता, म्हणून निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करावी. चढताना जो गिअर लागला असता, तोच उतरताना ठेवावा. सतत ब्रेक दाबल्याने जळका वास येऊ लागला, तर प्रशस्त जागा पाहून गाडी निवू द्यावी, चाकांवर पाणी ओतू नये.