ऑर्किडचा नवा कोंब कुजतोय? कुंडी बदलताना या चुका टाळा

जून सुरू झाला की बागप्रेमींकडून हमखास ऐकू येणारी तक्रार: "उन्हाळ्यात डेंड्रोबियम ऑर्किडची कुंडी बदलली, छान कोंब फुटला होता आणि पहिल्या पावसातच काळा पडला." दोष पावसाला दिला जातो. माझ्या मते खरी चूक बहुतेक वेळा पावसाच्या आधीच, कुंडी बदलतानाच झालेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कोंबाचा बुंधा पुरणं. गुलाब-जास्वंद लावणाऱ्या हाताला खोडाभोवती माती दाबायची सवय असते. डेंड्रोबियम मात्र निसर्गात झाडांच्या फांद्यांवर वाढतं. त्याची मुळं तेवढी कुंडीतल्या कोळसा-विटांच्या तुकड्यांत जायला हवीत. काड्यांना (म्हणजे उभ्या, जाडसर खोडांना) जोडणारं आडवं खोड आणि कोंबाचा बुंधा वरच, उघड्यावर हवा. खोल पुरलेल्या बुंध्याशी ओल साचते आणि कूज तिथूनच सुरू होते. झाड डगमगतं म्हणून लोक ते खोल बसवतात. त्यापेक्षा जुन्या काड्या बांबूच्या काठीला सुतळीने बांधा आणि काठी तारेने कुंडीला पक्की करा. हा आधार टाळू नका, कारण झाड हलत राहिलं तर नव्या मुळांची कोवळी हिरवी टोकं घासून मरतात.

कुंडीत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरणं ही दुसरी चूक. तो भुसा पाणी धरून ठेवतो आणि मुळांना हवा मिळत नाही. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे एवढ्यावर डेंड्रोबियम उत्तम वाढतं. सोडण आधी भिजवून, पाणी दोन-तीनदा बदलून घ्या, म्हणजे त्यातले क्षार निघून जातात. कोकणात, मुंबईत पाऊस अंगावर येत असेल तर सोडण कमी, कोळसा जास्त. कुंडीही मुळं जेमतेम मावतील एवढीच घ्या. "पुढे वाढेल" म्हणून मोठी घेतली की मधला भाग सुकतच नाही.

वेळ कधी साधायची? कोंब बोटभर झाला आणि त्याच्या बुडाशी मुळांचे बारीक फुगवटे दिसू लागले की लगेच. मुळं लांबल्यावर हात लावलात तर ती मोडतात आणि कोंब जुन्या काडीतल्या साठ्यावरच अडकून राहतो. मेलेली, पोकळ मुळं काढा, कडक पांढरी मुळं राहू द्या. नंतर दोन-तीन दिवस पाणी नको, जखमा सुकू द्या.

आता कूज लागलीच असेल तर. डेंड्रोबियमच्या कोवळ्या कोंबाची पानं पेल्यासारखी उघडतात आणि त्यात पाणी साचतं. मधलं पान हलकेच ओढून बघा. अलगद हातात आलं तर आत कूज आहे. पाणचट, तपकिरी, लिबलिबीत आणि घाण वास येणारी कूज जिवाणूंची. काळी पडत भराभर खाली उतरणारी, कडेला पिवळसर पट्टा असलेली असेल तर बहुधा फायटोफ्थोरा किंवा पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूंची.

इथे घरोघरी होणारी चूक म्हणजे हाताशी असलेलं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारणं. फायटोफ्थोरा आणि पिथियम खऱ्या बुरशा नव्हेत, त्यांच्यावर ते चालत नाही. त्यांच्यासाठी मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या औषधांचं मिश्रण लागतं, द्राक्षबागेत केवडा रोगासाठी वापरतात तेच. प्रमाण पाकिटावरचं पाळा आणि हातमोजे घाला. तांब्याची औषधं डेंड्रोबियमवर नकोत, झाड भाजू शकतं.

पण औषधाआधी ब्लेड. ते ज्योतीवर तापवा, गार होऊ द्या आणि कुजलेला भाग कापा. काप आतून स्वच्छ, पांढरट-हिरवा दिसेपर्यंत खाली जायचं, तपकिरी ठिपकाही मागे ठेवायचा नाही. प्रत्येक कापानंतर ब्लेड पुन्हा तापवायचं, नाहीतर रोग तुम्हीच पुढे नेता. गरज पडली तर कोंब बुंध्यापासून काढून टाका. त्याला वाचवायच्या नादात मागची जुनी काडी गमावू नका. कापावर दालचिनीची पूड लावा, पण मुळांना लागू देऊ नका, ती मुळं सुकवते. झाड पावसाच्या आडोशाला, वारा खेळेल अशा जागी आणि इतर ऑर्किडपासून दूर ठेवा.

फॅलेनोप्सिस या दुसऱ्या ऑर्किडचं दुखणं जास्त गंभीर, कारण त्याला वाढीचा शेंडा एकच. पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर टिश्यू पेपरने लगेच टिपून घ्या.

कोंब गेला म्हणून डेंड्रोबियम टाकून मात्र देऊ नका. जुन्या काडीच्या बुडाशी झोपलेले डोळे असतात. काडी टणक आणि हिरवी असेल तर त्यातला एखादा पुन्हा फुटण्याची चांगली शक्यता असते. तोवर खत बंद, विशेषतः नत्राचं, कारण त्याने कोंब लुसलुशीत होतो आणि लवकर कुजतो. पाणी सकाळी आणि फक्त मुळांना. नव्या कोंबाला स्वतःची मुळं फुटून ती बोटभर झाली की नेहमीचं पाणी आणि पातळ खत सुरू करा.