मुलांसाठी बंक बेड घेताय? दुकानात पसंत करण्याआधी खोलीत मोजा. या चुका टाळा

दहा बाय दहाची खोली, दोन लेकरं, एक कपाट, अभ्यासाचं टेबल आणि कोपऱ्यात धान्याची कोठी. लातूर, नांदेड, परभणीकडच्या बऱ्याच घरांत मुलांची खोली म्हणजे हेच. संभाजीनगरात सिडकोच्या घरांतही फार वेगळं नसतं. मग बंक बेडचा, म्हणजे एकावर एक असलेल्या दोन मजली पलंगाचा विषय निघतो. साडेसहा बाय सव्वातीन फुटांत दोघांची सोय होते, खाली फरशी मोकळी राहते. विचारात काही खोट नाही. घोळ होतो तो पलंग दुकानात उभा केलेला पाहून पसंत केल्यामुळे. दुकानाचं छत उंच असतं, वर पंखा नसतो, शेजारी कूलर नसतो आणि शोसाठी टाकलेली गादी जेमतेम तीन इंचांची असते. घरी आल्यावर यातलं एकही खरं राहत नाही.

पंख्याचा हिशोब न करणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि आपल्याकडे ती सर्रास होते. म्हणून आकडेच मांडतो.

स्लॅब दहा फुटांवर धरा. नेहमीचा दांडी असलेला पंखा लावला की पातं स्लॅबपासून साधारण सव्वा फूट खाली येतं, म्हणजे फरशीपासून पावणेनऊ फुटांवर. बंक बेडची वरची फळी पाच फुटांवर, त्यावर पाच इंचांची गादी. सात वर्षांचं मूल साधारण चार फूट उंच असतं. ते गादीवर उभं राहिलं की डोकं जातं नऊ फूट पाच इंचांवर, पात्याच्याही वर. बसून हात वर केला तरी बोटं पात्याच्या दोन-तीन इंच खाली येतात, आणि मूल नऊ-दहा वर्षांचं झालं की लागतातच.

‘पण पंखा खोलीच्या मधोमध आहे, पलंग भिंतीला’ असं उत्तर येतं. तेही मोजू. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट फिरतं. दहा बाय दहाच्या खोलीत पंखा भिंतीपासून पाच फुटांवर, म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटांवर. आणि पलंगाची रुंदी? सव्वातीन फूट. पातं पलंगाच्या कडेवर तीन इंच आत फिरतंय. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग दहा फुटी भिंतीला लावला तर टोक आणि पलंग यांत नऊ इंच उरतात. उशीची मारामारी करणाऱ्या पोरांना नऊ इंच म्हणजे काहीच नाही.

उपाय तीन. सोपा आणि स्वस्त म्हणजे छताचा पंखा बंद करून समोरच्या भिंतीवर जाळीचा पंखा लावणं. दुसरा, वरची फळी चार-सव्वाचार फुटांवर ठेवून खालची गादी जमिनीपासून वीतभर उंचीवर घेणं. मिस्त्रीकडून बनवून घेत असाल तर हे सहज होतं. याने वरचं मूल जमिनीच्या जवळ येतं, पण उभं राहून हात वर केला तर पातं लागतंच, त्यामुळे छताच्या पंख्याचा प्रश्न तरीही सुटत नाही. तिसरा, पंख्याचा हूक दुसऱ्या बाजूला सरकवणं. मात्र स्लॅबमध्ये नवा हूक बसवायचं काम ओळखीच्या पक्क्या माणसालाच द्या.

जुन्या पत्र्याच्या किंवा माळवदाच्या खोलीत छत आठ-नऊ फुटांवरच असेल तर बंक बेडचा बेतच सोडा. पर्याय शेवटी सांगतो.

कठडा पलंगाचा मोजणं, गादीचा न मोजणं

दुकानदार सांगतो, ‘कठडा दहा इंचांचा आहे.’ दहा इंच कुठून? फळीपासून. आपण त्यावर गादी टाकतो ती गादीवाल्याकडून भरून आणलेली कापसाची. नवी कोरी गादी सहा-सात इंच फुगलेली असते. उरला कठडा तीन-चार इंच. झोपेत कुशीवर वळणारं मूल एवढ्याने अडत नाही.

अमेरिकेच्या नियमात गादीच्या वर किमान ५ इंच कठडा लागतो, युरोपच्या मानकात १६ सेंटीमीटर, म्हणजे सव्वासहा इंच. भारतीय मानक ब्युरोनेही बंक बेडसाठी वेगळं मानक काढलेलं आहे, तेव्हा दुकानदाराला त्याबद्दल विचारायला लाजू नका. माझं मत विचाराल तर आपल्याकडे गादीच्या वर सहा इंच धरूनच चला. वरच्या मुलासाठी कापसाची गादी भरायचीच असेल तर कमी कापसाची, तीन-चार इंचांची भरून घ्या. जाड गादी खालच्याला द्या. पलंगावर ‘गादी इथपर्यंतच’ अशी खूण केलेली असेल तर ती पाळा. नसेल तर मोजून पेनने करून ठेवा, नाहीतर पुढच्या दिवाळीला आजी नवी गादी भरून देतील आणि कठडा पुन्हा गडप.

गादीचं मापही पलंगाला बरोबर बसलं पाहिजे. ‘साडेतीन बाय सहा’ सांगून भरलेली गादी साडेसहा फुटी पलंगावर टाकली की पायाकडे सहा इंचांची फट राहते आणि तीत मुलाचा पाय जातो.

भिंतीकडचा कठडा वाचवणं

सुताराला कठडा दोन्ही बाजूंनी हवा म्हटलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘भिंत हाय की मालक, पोरगं जातंय कुठं?’ जातं. पलंग रोजच्या वापराने भिंतीपासून दोन-चार इंच सरकतो. झोपेत मूल त्या फटीत पायांकडून घसरतं, धड जातं आणि डोकं अडकतं. यात दम कोंडतो. अमेरिकेत २००० सालापासून भिंतीकडचा कठडा सलग आणि सक्तीचा झाला, तो याच कारणासाठी.

कठड्याच्या पट्ट्यांमधल्या फटींनाही हाच न्याय. तिथे साडेतीन इंचांपेक्षा कमी फट चालते. टेप नसेल तर अंगठा सोडून मोठ्या माणसाची चार बोटं जेमतेम आत जावीत, याहून मोठी फट नको. चढण्याच्या बाजूला कठड्यात सोडलेली जागा पंधरा इंचांपर्यंत पुरे. लेकरू त्यातून आरामात जातं.

धाकट्याचा हट्ट पुरवणं

वरच्या मजल्यावर सहा वर्षं पूर्ण झालेलं मूलच झोपवायचं. चार वर्षांचं पोर रडून वर जागा मिळवतं आणि आई-बाबा ‘एक दिवस झोपू दे’ म्हणतात. तो एक दिवस रोजचा होतो. झोपेत चालणारं, फिट येणारं मूल सहाच्या पुढचं असलं तरी खालीच. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे, मावशीकडे पोरं गोळा होतात तेव्हा वर एकच जण, हा नियम पाहुण्या पोरांनाही लागू. चौघं मिळून पत्ते खेळायचे असतील तर फरशीवर.

लोखंडी पलंग कूलरशेजारी लावणं

दुकानदार हे सांगत नाहीत, म्हणून थोडं सविस्तर.

आपल्याकडे मार्चअखेरीस कूलर खिडकीत बसतो तो जूनपर्यंत हलत नाही. लोखंडी पत्र्याचा कूलर, आत पाणी, पंप, आणि अर्थिंग बहुतेक नावापुरतं. कूलरच्या बॉडीत करंट उतरला आणि लोखंडी बंक बेड त्याला टेकलेला असला, तर करंट सगळ्या पलंगात फिरतो. घामाने भिजलेली दोन मुलं त्याच पाइपांना धरून झोपलेली असतात. म्हणून कूलर आणि लोखंडी पलंग यांच्यात मोठ्या माणसाचा हात पुरणार नाही एवढं अंतर ठेवा. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की वीज लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासा. एक्स्टेन्शन बोर्ड पलंगाच्या पाइपला तारेने बांधून मोबाईल चार्ज करायची सवय तर आजच मोडा.

कूलरचा दुसरा त्रास लाकडाला. पार्टिकल बोर्डचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा, स्वस्त पलंग ओल्या हवेत फुगतो. स्क्रू जिथे बसलेत तिथला भुसा मोकळा होतो आणि एके दिवशी वरच्या फळीचा आधार निसटतो. वरच्या फळीला प्लायवूड किंवा घट्ट लाकूडच हवं. शेतातलं कडुनिंबाचं, बाभळीचं लाकूड चांगलं टिकतं, मात्र नीट वाळलेलं असावं. ओलं वापरलं तर एका उन्हाळ्यात सांधे उघडतात.

आणि उकाडा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडतो, त्याचा पहिला मार वरच्या मुलाला. कूलरचा झोत खिडकीच्या उंचीने जातो आणि थंड हवा खालीच बसते. एप्रिल-मे महिन्यांत वरचं मूल खाली येऊन झोपणार, हे धरूनच खोलीत एका गादीची जागा मोकळी ठेवा. त्या दोन महिन्यांत वरची जागा दप्तरं ठेवायला उत्तम.

हॉस्टेलचे जुने कॉट स्वस्तात उचलणं

लातुरात क्लासच्या निमित्ताने हॉस्टेलं उदंड. एखादं बंद झालं की दोन मजली लोखंडी कॉट भंगाराच्या भावात निघतात. दणकट असतात, त्यामुळे मोह होतो. पण ते सतरा-अठरा वर्षांच्या पोरांसाठी बनवलेले असतात. कठडा नसतो, किंवा अर्ध्या लांबीचा एकच पाइप असतो. शिडी म्हणजे कडेला वेल्ड केलेल्या तीन गोल सळ्या, आणि त्याही इतक्या लांब-लांब की लहान मुलाचा पाय पोचत नाही. तरी घ्यायचेच असतील तर त्यात वेल्डिंगचा खर्च धरा: दोन्ही बाजूंना पूर्ण कठडा, आणि तिरकी, चपट्या रुंद पायऱ्यांची, पलंगाला बोल्टने पक्की केलेली शिडी. नुसती अडकवायची हुकाची शिडी नको. वेल्डिंगच्या जागी बोट फिरवून पाहा, बर, म्हणजे धातूची टोचणारी धार, राहिली असेल तर घासून घ्या. जुना रंग खरवडताना मुलांना लांब ठेवा. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात काय असेल ते सांगता येत नाही.

वरून काहीही टांगणं

वरच्या पाइपला साडीची झोळी बांधून बाळाला झोका देणं फार सोयीचं वाटतं. तसं करू नका. पलंग झोक्याच्या हिसक्यांसाठी बनलेला नसतो आणि झोळीच्या दोरीत वरून उतरणारं मूल अडकतं. ओढणी, पट्टा, उड्या मारायची दोरी यांनाही बंदी. मच्छरदाणी लागणारच, विशेषतः पावसाळ्यात. तिच्या नाड्या कोपऱ्यांना आखूड बांधा, लोंबती टोकं कापून टाका. त्यापेक्षा खिडकीला जाळी बसवली तर प्रश्नच मिटतो.

भिंतीला न बांधणं

किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप इथे कुणाला सांगायला नको. २०२४ मध्येही हिंगोली, नांदेड, परभणीकडे धक्के बसले. उंच आणि अरुंद पलंग भिंतीला दोन जागी पकडलेला असावा. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत फास्टनर ठोकून एल पट्टीने पकडता येतो. दगड-मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही. तिथे कमी उंचीचा, रुंद पायांचा पलंगच बरा. वरच्या मुलाच्या डोक्यावर लॉफ्ट येत असेल तर तिथला पाटा-वरवंटा, पितळी हंडे, जुनी मिक्सरची खोकी आधी खाली काढा.

पलंग हलतोय, कुरकुरतोय?

घाईने बोल्ट आवळू नका. आधी फरशी बघा. शहाबादी फरशी क्वचितच एका पातळीत असते. चारही पायांखाली कागद सरकवून पाहा. ज्या पायाखालून कागद सहज निघतो, तिथे रबरी पॅड द्या. नंतर वरच्या मुलाला खाली उतरवून सगळे बोल्ट पान्याने आवळा. नवीन पलंग पंधरा दिवसांनी एकदा आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी आवळायचा. मार्च ते मे या कोरड्या दिवसांत लाकूड आकसतं, तेव्हा बोल्ट हमखास सैल होतात. वॉशर नसतील तर घाला. एवढं करूनही पलंग आडवा डोलत असेल तर चौकटीला तिरका आधार नाही असं समजा. मागच्या बाजूला तिरकी पट्टी मारून घ्या. लाकडाखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर भुंगा लागलाय, ती फळी बदलाच.

छत कमी असेल, पंखा हलवता येत नसेल किंवा दोन्ही मुलं सहाच्या आतली असतील, तर खालून ओढून काढायचा दुहेरी पलंग करून घ्या. दिवसा एकाच पलंगाची जागा, रात्री दोन. तो ओढायला समोर साडेतीन फूट फरशी मोकळी लागते आणि चाकं फरशीच्या सांध्यांत अडकणार नाहीत एवढी मोठी, निदान दोन इंची लागतात. खालच्या खणाची उंची गादीसकट मोजून सांगा, नाहीतर मिस्त्री फळीचंच माप धरतो आणि गादी आत जात नाही.