रूट कॅनल भरताना या चुका टाळा

नवीन डेंटिस्ट पोरं फोन करून पहिलं विचारतात, सर, कुठला सीलर (कोनभोवतीची फट बुजवणारी लुकण) घेऊ? मी उलट विचारतो, बाळा, मास्टर कोन (कॅनल, म्हणजे दाताच्या मुळातली नळी, भरायची मुख्य काडी) नीट बसला का ते बघितलंस का? इथं बहुतेकांची गाडी अडते.

मला सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक हीच, ढिला कोन घालायचा आणि सीलर भरपूर ओतायचा. मागच्या पावसाळ्यात कागलकडच्या एक मावशी आल्या, खालच्या दाढेची आरसीटी (रूट कॅनल ट्रीटमेंट) दोन वर्षांपूर्वी दुसरीकडं झालेली, चावलं की ठणका आणि हिरडीवर पुळी. एक्सरेत बघावं तर पांढरी रेघ पार टोकापर्यंत, भरलंय छान असं वाटावं. कॅनलमध्ये एच फाईल (बारीक कानस) घातली, थोडी फिरवून ओढली तर अख्खा जीपी (गटापर्चा) कोन हातात आला की हो, तो विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटचा थेंबही लावला नव्हता! टोक काळपट आणि वास असा की सिस्टरनं मान फिरवली. फाईलनं मापलं तर कॅनल ३५ नंबर जाडीचा, कोन २५ चा, मधली जागा नुसत्या झिंक ऑक्साइड युजेनॉल सीलरवर सोडलेली, तो ओलाव्यात हळूहळू विरघळतो आणि आत परत जंतूंना रान मोकळं.

म्हणून मी कोन लांबीपर्यंत घालून ओढून बघतो, किंचित अडकला पाहिजे, टग बॅक म्हणतो ते हेच. अडकत नसेल तर बारीक टोक अर्धा मिलिमीटर कापतो, म्हणजे पुढचा जाड भाग टोकाला येतो, नाहीतर वरचा नंबर घेतो, मग कोन घालूनच एक्सरे. पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

दुसरं खूळ बायोसिरॅमिक सीलरचं. सिंगल कोनला (एकाच कोनानं कॅनल भरायला) चांगला आहे, मी स्वतः वापरतो, पण म्हणून ढिला कोन चालतो असं नाही, आणि एकदा कडक झाला की रिट्रीटमेंटला (परत उकरून काढायला) घाम फुटतो. त्याला सेट व्हायला दातातलाच ओलावा लागतो, त्यामुळं अल्कोहोल मारून कॅनल खडखडीत वाळवू नका. माझा शेवटचा पेपर पॉइंट (ओल टिपायची कागदी काडी) टोकाला जरासा ओलसर आला तरी चालतो. इपॉक्सी रेझिन सीलरला मात्र कोरडाच कॅनल पाहिजे. आणि सिरिंजचं टोपण लगेच लावा, आपल्याकडं जुलैत हवेतच एवढं पाणी असतंय की उघडी राहिली तर तोंडाशीच दगड होतो.

पावसात युजेनॉलवाला सीलरही लवकर आवळतो, जाड थंड काचेवर थोडाथोडाच कालवा.

जीपी ऑटोक्लेव्ह होत नाही, म्हणून कोन एक मिनिट ५.२५ टक्के हायपोक्लोराइटमध्ये (जंतुनाशक द्रावणात) बुडवा, डब्यातून थेट कॅनलमध्ये नको.

कोन वाकवल्यावर तुटतोय? जुना झालाय, टाका.

कॅनल धुताना हायपोक्लोराइटवर लगेच क्लोरहेक्सिडीन (दुसरं जंतुनाशक) मारू नका, तपकिरी साका बसतो, मध्ये सलाइननं धुवा.

युजेनॉल पुसल्याशिवाय वर कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) लावू नका, नीट सेट होत नाही.

आणि वरचं तात्पुरतं सिमेंट किमान साडेतीन मिलिमीटर जाड पाहिजे, मी प्रोबनं मोजतो. ऊसतोडीच्या दिवसांत पेशंट आठवड्यानं येतो म्हणतो आणि उगवतो महिन्यानं, त्यामुळं लांबनं येणाऱ्याला मी त्यावर ग्लास आयनोमर सिमेंटचा थर मारूनच खुर्चीवरनं उठवतो.