‘टिल फ्रायडे’ की ‘बाय फ्रायडे’?

नागपूरच्या सीताबर्डीतला एखादा व्यापारी पुरवठादाराला इंग्रजीत मेल टाकतो: ‘प्लीज सेंड द बिल टिल फ्रायडे.’ त्याला म्हणायचं असतं, बिल शुक्रवारपर्यंत पाठवा. वाक्याचा अर्थ मात्र होतो, शुक्रवार उजाडेपर्यंत बिल पाठवतच राहा! घोळ आपल्या ‘पर्यंत’चा आहे. मराठीत तो दोन्हीकडे चालतो, इंग्रजीत कामं वाटून दिलेली आहेत.

ओळखायची सोपी युक्ती: ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ बसत असेल, तर ‘बाय’. संत्र्यांच्या पेट्या पाचच्या आत स्टेशनवर पोचवायच्या आहेत, तर ‘बाय फाइव्ह’. एकदाच व्हायचं काम, मुदतीच्या आत कधीही. आणि एखादी गोष्ट त्या वेळेपर्यंत सलग चालू राहणार असेल, तर ‘टिल’ किंवा ‘अंटिल’. धरमपेठेतलं दुकान रात्री नऊपर्यंत उघडं, म्हणजे ‘ओपन टिल नाइन’.

नकारार्थी वाक्यात जरा जपून. ‘डोन्ट साइन अंटिल मंडे’ म्हणजे सोमवार येईस्तोवर सही करू नका, मग खुशाल करा. विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांत सरकारी कागद इकडून तिकडे धावत असतात, तेव्हा असल्या एका शब्दानं फाइल अडकू शकते.

‘बाय फ्रायडे’मध्ये साधारणपणे शुक्रवारही धरतात, तो नको असेल तर सरळ ‘बिफोर फ्रायडे’ लिहा. ‘टिल’ हे काही ‘अंटिल’चं छोटं रूप नाही, उलट तोच जुना शब्द. स्पेलिंगमध्ये त्याला दोन एल, ‘अंटिल’ला एकच.