व्हिएतनाममध्ये 'नो पीनट' सांगूनही ताटात दाणे येत असतील तर

मी साताऱ्याचा. इकडे कुटाशिवाय भाजीच होत नाही आणि मला नेमकी शेंगदाण्याची ॲलर्जी. घरी आई सांभाळते. सॅक पाठीवर टाकून हनोईला गेलो आणि तिसऱ्याच दिवशी ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या.

'नो पीनट' म्हणून झालं. मोबाईलवरचं भाषांतरही दाखवलं. माना डोलायच्या आणि 'बुन बो नाम बो' या बीफ-नूडल्सवर दाणे यायचेच. जाम वैतागलो.

गोम शब्दात होती. दाण्याला उत्तरेत 'लाक' म्हणतात, दक्षिणेत 'दाउ फोंग'. ॲप एकच देत होतं.

मग लॉजवरच्या मुलीकडून व्हिएतनामीत कार्ड लिहून घेतलं. त्यात दोन्ही शब्द, शिवाय 'वरून भुरभुरलेले, चटणीतले, तेलातलेही नकोत. वेचून काढले तरी चालत नाही' हे स्पष्ट. ऑर्डरआधी कार्ड थेट रांधणाऱ्याच्या हातात द्यायचं, वेटरच्या नाही. पूर्ण वाचू द्यायचं. गाड्यावरच्या दाण्यांच्या बरणीकडे बोट दाखवून 'खोंग', म्हणजे नाही. मान ठाम हलली तरच ऑर्डर. शंका आली की पुढचा गाडा.

पुढे दा नांग शहरात 'मी क्वांग' या तिथल्या नूडल्सच्या वाटेला गेलोच नाही, त्यावर दाणे ठरलेलेच. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र कायम खिशात, सॅकमध्ये नाही.