३३१.८ आलं आणि तिथेच फसलो

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल, अकोला, एप्रिल महिना. चिठ्ठी उचलली तर रेझोनन्स ट्यूब, म्हणजे हवेतल्या ध्वनीचा वेग काढायचा प्रयोग. मनात म्हटलं, सुटलो! नळीतल्या पाण्याची पातळी खाली-वर करायची, तोंडाशी ५१२ हर्ट्झचा नादकाटा धरायचा, आवाज घुमला की हवेच्या स्तंभाची लांबी मोजायची. पहिल्यांदा घुमला तो १६.२ सेंटिमीटरला. ही लांबी तरंगलांबीचा चौथा हिस्सा, म्हणून तिला चारने आणि मग ५१२ ने गुणलं. सेकंदाला ३३१.८ मीटर. पुस्तकात ३३२ दिलेलं, मग आणखी काय हवं? दुसरं रीडिंग घेतलंच नाही.

शेजारच्या टेबलावर मित्राचं उत्तर ३५२ आलेलं आणि तो रडकुंडीला. एक्स्टर्नल सर, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, आधी माझ्याकडे आले. त्यांनी एकच विचारलं, "खोलीचं तापमान किती?"

थर्मामीटर समोरच होता. ३६ अंश.

"मग ३३२ कसं आलं?"

३३२ हा शून्य अंश सेल्सिअसचा आकडा. आमच्या लॅबमध्ये शून्य अंश कधी व्हायचं? ध्वनीचा वेग केल्विनमधल्या तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. तोंडी हिशेबाला दर अंशामागे ०.६ मीटर धरा. ३६ अंशांना साधारण ३५२ ते ३५३ यायला हवं. म्हणजे रडकुंडीला आलेला मित्र बरोबर होता.

मग माझं उत्तर पुस्तकाशी जुळलं कसं? दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. नळीच्या तोंडाशी हवेची हालचाल काठावर थांबत नाही, थोडी बाहेरपर्यंत जाते. त्यासाठी आतल्या व्यासाच्या ०.३ पट लांबी मिळवावी लागते, हेच एंड करेक्शन. आमची नळी साडेतीन सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर मी सोडून दिला होता. त्यामुळे वेग वीसेक मीटरने घटला. उन्हाळ्याने तो तेवढाच वाढवलेला होता. अशी फिटंफाट!

नव्याने लॅबमध्ये येणाऱ्यांना म्हणून सांगतो, दुसरा अनुनाद, म्हणजे पाणी आणखी खाली नेल्यावर आवाज पुन्हा घुमतो ती जागा, शोधाच. मित्राचा ५०.६ ला मिळाला होता. ५०.६ मधून १६.२ वजा केले की ३४.४ उरतात आणि एंड करेक्शन वजाबाकीतच उडून जातं. हा फरक तरंगलांबीचा अर्धा हिस्सा, म्हणून दुप्पट करून ५१२ ने गुणा, ३५२.३. ते शून्य अंशाला आणायचं तर २७३ भागिले ३०९ च्या वर्गमुळाने गुणा, ३३१.१ येतं. या रीतीने पुस्तकाशी जुळवायला हरकत नाही. मात्र लांबीच्या फरकात एक मिलिमीटर चुकला तर वेगात एक मीटर जातो, तेव्हा दशांशाखाली चार आकडे लिहून शहाणपणा दाखवू नका. थर्मामीटरही टेबलावर ठेवू नका, नळीत सोडा. एप्रिलमध्ये आमच्या टाकीचं पाणी चहाला चालेल असं तापायचं, आणि नळीतल्या हवेला खोलीपेक्षा त्या पाण्याची संगत जास्त.

उत्तर जुळवण्याचा मोह न्यूटनलाही सुटला नाही. आवाज जाताना हवेचं तापमान बदलत नाही असं त्याने धरलं. त्या सूत्राने शून्य अंशाला २८० च्या आसपास येतं, प्रत्यक्ष मोजमापापेक्षा बरंच कमी. मग हवेतल्या कणांची जाडी, बाष्प अशी कारणं जोडून त्याने १७१३ च्या आवृत्तीत आकडा बसवला. खरं कारण लाप्लासने १८१६ मध्ये मांडलं: हवा इतक्या झटपट दाबली जाते आणि प्रसरण पावते की उष्णतेला इकडेतिकडे जायला वेळच मिळत नाही. म्हणून सूत्रात गॅमा (वायूच्या स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) येतो, हवेसाठी १.४. त्याच्या वर्गमुळाने २८० ला गुणून बघा.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, वायूंचा प्रश्न आला की बहुतेक जण "जड वायूत आवाज हळू" म्हणून थांबतात. ते अर्धंच झालं. शून्य अंशाला हेलियममध्ये वेग ९७० च्या आसपास, ऑक्सिजनमध्ये ३१६, इथवर ठीक. पण आरगॉनचं रेणुवस्तुमान ४० आणि कार्बन डायऑक्साइडचं ४४, असे जवळजवळ सारख्या वजनाचे. वेग मात्र ३०८ आणि २५९. वजनाने एवढी तफावत पडत नाही. आरगॉन एकअणू, त्याचा गॅमा १.६७, कार्बन डायऑक्साइडचा १.३ च्या आसपास. परीक्षकांना हीच जोडी सांगा, पुढचे प्रश्न कमी होतात.

दाबाचा प्रश्न हमखास फसवतो. "महाबळेश्वरला हवा विरळ, मग आवाज हळू का?" दाब कमी झाला तर त्याच प्रमाणात घनताही कमी होते, त्यामुळे वेगाला फरक पडत नाही. तिथे आवाज हळू जात असेल तर थंडीमुळे. मुंबईच्या दमट हवेत उलट किंचित जलद जातो, कारण पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात लॅबच्या मामांना गळ घालून आम्ही त्याच नळीत कार्बन डायऑक्साइड भरला. बाटलीत खायचा सोडा आणि व्हिनेगर, तिथून रबरी नळी थेट पाण्याच्या पातळीजवळ. वायू जड असल्याने तळाशी बसतो आणि हवेला वर ढकलतो. हवेत १६ ला घुमणारा काटा आता १२.६ ला घुमला. करेक्शन धरून २७९.६. त्या दिवशीच्या २९ अंशांना २७१ च्या आसपास यायला हवं होतं. नळीत थोडी हवा उरली असणार. मित्र म्हणाला, पुन्हा भरू. पण सोडा संपला होता. जर्नलमध्ये २७९.६ च लिहिलं, आणि त्याच्याही आधी, वरच्या कोपऱ्यात, २९ अंश.